जुन्या टगबोटींचा बाजार

बैल घ्यायचा तर आपण दात पाहतो, मग ओढायला लावून त्याचा जोर बघतो. टगबोटीचंही तसंच आहे. बंदरात मोठ्या जहाजाला दोर लावून ओढणारी, ढकलणारी ही ठेंगणी बोट. तिचा दोर धक्क्यावरच्या खुंटाला बांधून इंजिन पूर्ण जोरात चालवतात आणि ताण किती टन, ते मोजतात. वयाच्या जोडीला हा आकडाच तिची किंमत ठरवतो.

आता जहाजंच केवढी वाढली! २०२१ साली सुएझ कालव्यात अडकलेलं 'एव्हर गिव्हन' ४०० मीटर लांब होतं. अशा धुडापुढे २०-३० टनांची जुनी बोट काय करणार? मोठ्या बंदरांना ६०-७० टन ओढणारी, पंखा हव्या त्या दिशेला फिरवणारी बोट लागते. त्यामुळे जुन्या बोटी लहान बंदरांकडे, बार्जवाल्यांकडे जातात. त्यांचं काम तेवढ्यावर भागतं. त्यात २०२४ साली भारत सरकारनं डिझेलऐवजी बॅटरीसारख्या स्वच्छ शक्तीवरच्या टगबोटींची योजना काढली. न्हावा-शेव्याचं बंदर तिच्या पहिल्याच टप्प्यात आहे. म्हणजे डिझेलच्या बोटीला पुढे गिऱ्हाईक कोण, हाही हिशेब आलाच.

आणि नव्या रंगाला भुलू नये. पाण्याखालचा पत्रा किती झिजलाय, ते बोट सुक्या गोदीत चढवल्याशिवाय नीट कळत नाही.