परसातील ढोबळी मिरची

छत्तीसगडमध्ये परसबागेला ‘बाडी’ म्हणतात. रायपूरच्या बाडीत ढोबळी मिरची येते. मात्र तिची वेळ साधावी लागते. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे द्रव्य ढोबळी मिरचीत जवळजवळ नसते, म्हणून ती तिखट लागत नाही. परंतु हे रोप कडक उन्हाळा सोसत नाही. मे महिन्यात रायपूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, तेव्हा त्याची फुले गळतात. पाणी अपुरे पडले असे समजून वरचेवर पाणी घातल्यास मुळेही कुजतात. म्हणून सप्टेंबरमध्ये बी पेरावे. सुमारे पाच आठवड्यांनी रोपे कुजलेले शेणखत मिसळलेल्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत लावावीत. पाने चुरडू लागल्यास निंबोळी अर्क फवारावा. हिवाळ्यात फुले टिकतात व फळे धरतात. निगेइतकीच ऋतूची निवडही महत्त्वाची असते.