हनुग्रह : तेल हाती घेण्यापूर्वी

जांभई देताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज होणे, भाकरी चावताना कळ येणे, सकाळी जबडा जखडलेला असणे, या तक्रारींचे रुग्ण पुण्यातील आपल्या चिकित्सालयांत वरचेवर येतात. हनुसंधीला सुश्रुताचार्यांनी ‘वायसतुंड’ म्हटले आहे. कावळ्याच्या चोचीची ही उपमा किती समर्पक! वाग्भटाचार्य हनुस्रंसाची कारणे मोजकीच सांगतात : जिह्वेचे अतिलेखन, शुष्कभक्षण व अभिघात. यांत झोपेत दात खाण्याची सवय आपण विचारून घ्यावी. ती रुग्णापेक्षा घरच्यांना अधिक ठाऊक असते.

निव्वळ वातज वेदनेत स्थानिक स्नेहन, मृदू स्वेदन, नस्य व मऊ, स्निग्ध आहार यांनी बहुधा उपशम मिळतो. तैलगंडूषाने हनूस बल येते, हे चरकाचार्यांचे वचन मला व्यवहारात पटलेले आहे.

परंतु एका रुग्णाच्या बाबतीत माझी चूक झाली. मध्य वस्तीतील एक तरुण व्यापारी तोंड पुरते उघडत नाही म्हणून आला. हनुग्रह समजून मी दोन महिने नस्य व अभ्यंग दिले. वेदना किंचित घटली, तोंड मात्र उघडेना. अखेर बॅटरी घेऊन मुखपरीक्षण केले. गालांची आतील त्वचा पांढुरकी व ताठ, बोटाला दोरीसारखे पट्टे लागत होते. तिखट लागताच आग होते, हेही त्याने तेव्हाच सांगितले. अनेक वर्षांची सुपारी! ही विकृती संधीची नव्हे, मुखाच्या अंतस्त्वचेची. पुढे कर्करोगात परिणत होऊ शकणारी. त्याला तत्काळ मुखशल्यतज्ज्ञांकडे पाठविले. पहिल्या दिवशी पाहिले असते तर दोन महिने वाया गेले नसते.

राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. साध्या सुपारीचा प्रश्न राहिलाच. म्हणून रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी दातांमध्ये जातात का, हे आता मी प्रथम पाहतो.

दुसरी सावधगिरी अधिक तातडीची आहे. पर्वतीच्या पायऱ्या चढताना जबडा दुखावा आणि थांबताच शमावा, ही हृद्रोगाची वेदना असू शकते. तेथे ईसीजीला विलंब नको. पन्नाशीनंतर चावताना जबडा थकून दुखणे व शंखप्रदेशी नवीन शूळ असल्यास दृष्टीही धोक्यात असते. जखमेनंतर जबडा आवळल्यास धनुर्वाताची शंका धरून रुग्णालयच गाठावे.

औषधविक्रेते बंधूंकडे ‘जबड्यासाठी एखादे तेल द्या’ म्हणणारे ग्राहक येतातच. बाटली देण्याआधी सुपारी खाता का आणि चालताना दुखते का, एवढे दोन प्रश्न त्यांनीही विचारावेत.