वरिष्ठांपुढे बोलणारे आणि न बोलणारे

न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया या दोन महानगरांच्या दरम्यान, प्रिन्स्टनला अगदी लागून, वेस्ट विंडसर नावाची वस्ती आहे. प्रिन्स्टन जंक्शन हे रेल्वेस्थानक तिच्याच हद्दीत येते, आणि अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या बोलण्यात तिचे नाव वारंवार येत असते. १९३८ साली रेडिओवरील एका नाटकात मंगळावरचे लोक पृथ्वीवर उतरल्याचे ऐकून हजारो श्रोते घाबरले होते. ते लोक जिथे उतरल्याचे सांगितले गेले ती ग्रोव्हर्स मिल ही वाडीही याच हद्दीतली. आम्हांस मात्र आज वाचकांना नेावयाचे आहे ते येथील वॉशिंग्टन रोडवरील एका संशोधन केंद्रात. कामाच्या ठिकाणी हाताखालच्या माणसाने वरिष्ठाला आपले मत उघडपणे सांगावे काय, आणि सांगितल्यास ते ऐकले जाते काय, या प्रश्नावर या एका आवारात जितके शिकावयास मिळते तितके क्वचितच अन्यत्र मिळत असेल.

रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजेच आर. सी. ए., या कंपनीने १९४२ साली हे केंद्र सुरू केले. १९५१ साली त्याला कंपनीचे प्रमुख डेव्हिड सार्नॉफ यांचे नाव देण्यात आले. सार्नॉफ हे १८९१ साली मिन्स्कजवळच्या एका खेड्यात जन्मलेले यहुदी. १९०० साली आईबरोबर न्यूयॉर्कला आले, रस्त्यावर यिद्दिश वर्तमानपत्रे विकली, आणि वडील आजारी पडल्यामुळे पंधराव्या वर्षी एका तार कंपनीत निरोप्या म्हणून लागले. तेथे त्यांनी रोश हशानाकरिता, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलीतील नव्याच्या सणाकरिता, बिनपगारी रजा मागितली. रजा मिळाली नाही व नोकरीही राहिली नाही. ३० सप्टेंबर १९०६ रोजी ते आठवड्याला साडेपाच डॉलरवर मार्कोनी कंपनीत रुजू झाले.

ज्या समाजाला कोकणात ‘शनवार तेली’ हे नाव मिळाले, त्याला या प्रसंगाचा अर्थ फोड करून सांगण्याची जरुरी नाही. परंतु आपल्या पूर्वजांचा घाणा स्वतःचा होता, आणि शनिवारी तो बंद ठेवण्यास त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती, हा फरक ध्यानात घ्यावयास हवा. घाणे सुटले, मंडळी मुंबईस आली, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात, गिरण्यांत व सरकारी कचेऱ्यांत लागली, आणि मग शनिवारदेखील साहेबाकडे मागावा लागला.

मार्कोनी कंपनीत सार्नॉफ वर चढत गेले. घरोघरी संगीत ऐकवणारी रेडिओची पेटी तयार करावी, असे टिपण त्यांनी १९१६ च्या सुमारास वरिष्ठांना दिले. ते तेव्हा बाजूस पडले. (सार्नॉफ स्वतःच्या गोष्टी रंगवून सांगत, त्यामुळे या टिपणाच्या तारखेवर इतिहासकारांत पुष्कळ वाद झाला आहे.) पुढे १९३० साली ते आर. सी. ए. चे अध्यक्ष झाले. ज्याला रजा नाकारली गेली आणि ज्याचे टिपण दुर्लक्षिले गेले, तो माणूस अधिकारावर आल्यावर हाताखालच्यांचे किती ऐकत होता? उत्तर संमिश्र आहे. रंगीत दूरचित्रवाणीसारख्या कामात त्यांनी संशोधकांवर पैसा व विश्वास दोन्ही ओतले. पण एडविन आर्मस्ट्राँग या जुन्या मित्राने एफ. एम. रेडिओचा शोध आणून दाखवला, तेव्हा आपल्या चालत्या धंद्याला तो जाचक वाटून सार्नॉफ यांनी त्याची वाट अडवली, आणि वर्षानुवर्षे दावे चालले. आर्मस्ट्राँग यांनी १९५४ साली आत्महत्या केली.

१९५१ सालचा नामकरणाचा समारंभ तर पाहण्यासारखा आहे. नोकरीला पंचेचाळीस वर्षे झाल्याच्या त्या प्रसंगी सार्नॉफ यांनी आपल्या शास्त्रज्ञांकडे तीन भेटी मागितल्या: दूरचित्रवाणीची चित्रे टिपणारी फीत, प्रकाश वाढवणारे यंत्र आणि हलते भाग नसलेले वातानुकूलन यंत्र. मुदत पाच वर्षांची. मालकाने वाढदिवसाच्या भेटीसारखी मागणी करावी आणि सेवकांनी ती शिरसावंद्य मानावी, असा हा थाट. फितीचे यंत्र १९५३ च्या डिसेंबरात दाखवण्यात आले खरे, पण त्यात फीत सेकंदाला तीस फूट या वेगाने धावे व भलेमोठे चाकसुद्धा काही मिनिटांत संपे. १९५६ साली कॅलिफोर्नियातील अँपेक्स या कितीतरी लहान कंपनीने फिरत्या चुंबकशीर्षाची युक्ती काढून बाजी मारली. तेथेही वरिष्ठांनी मध्यंतरी काम थांबवले होते. संशोधकांनी ते पुन्हा गळी उतरवले. वेस्ट विंडसरच्या मंडळींची बुद्धी कमी होती असे कोणी म्हणणार नाही. मात्र मालकाने साऱ्या जगासमोर मागितलेल्या भेटीविषयी “ही दिशा चुकते आहे” असे म्हणणे कोणत्याही नोकराला जड जाते, असे आमचे अनुमान आहे.

याच केंद्रात दहा वर्षांनी याहून बोधक प्रकरण घडले. आज मनगटावरील घड्याळापासून दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीपर्यंत जो द्रवस्फटिकाचा पडदा आपण पाहतो, त्याचा उगम येथला. १९६२ साली रिचर्ड विल्यम्स यांना द्रवस्फटिकावर विजेचा परिणाम दिसला; १९६४ पासून जॉर्ज हाइलमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून चित्र दाखवण्याची पद्धत सिद्ध केली; आणि २८ मे १९६८ रोजी न्यूयॉर्कला पत्रकारांसमोर तिचे प्रदर्शन झाले. पण हा शोध बाजारात आणण्याचे काम कंपनीतील ज्या विभागांकडे गेले, त्यांचे हितसंबंध काचेच्या चित्रनळीत व इतर चालू मालात गुंतलेले होते. त्यांनी त्यात मन घातले नाही. हाइलमायर यांचे म्हणणे वरपर्यंत पोचले, पण पटले नाही, आणि १९७० साली ते कंपनी सोडून वॉशिंग्टनला गेले. जपानच्या शार्प कंपनीने आर. सी. ए. कडून परवाना घेऊन १९७३ साली द्रवस्फटिकाचा पडदा असलेले खिशात मावणारे गणकयंत्र विकावयास आणले.

इथवरची हकिगत “वरिष्ठांनी ऐकले नाही” या नेहमीच्या तक्रारीची आहे. परंतु तिला दुसरी बाजू आहे. हाइलमायर यांच्याच गटात वोल्फगांग हेल्फ्रिख नावाचे जर्मन शास्त्रज्ञ होते. द्रवस्फटिकाच्या रेणूंना पीळ देऊन, दोन ध्रुवणपट्ट्यांच्या मध्ये ठेवून, फारच थोड्या विजेत चित्र दाखवता येईल, ही कल्पना त्यांनी मांडली. दोन पट्ट्यांमुळे प्रकाश कमी होईल, म्हणून हाइलमायर यांनी तीत रस घेतला नाही. हेल्फ्रिख यांनीही १९७० साली केंद्र सोडले, स्वित्झर्लंडमधील बाझल येथे हॉफमन-ला रोश कंपनीत गेले, आणि मार्टिन शाट यांच्यासह त्याच वर्षीच्या ४ डिसेंबरला त्या कल्पनेचे पेटंट दाखल केले. पुढे घड्याळांत व गणकयंत्रांत चालली ती हीच पद्धत. वरून न ऐकले गेल्याचे दुःख ज्याला होते, त्याच्याच टेबलाशी खालच्याचे म्हणणे थांबले. यात दुष्टावा नव्हता. हाइलमायर सज्जन व अत्यंत बुद्धिमान होते, आणि त्यांचा आक्षेप शास्त्रीय होता. २०१२ साली अमेरिकेच्या अभियांत्रिकी अकादमीने ड्रेपर पारितोषिक दिले ते हाइलमायर, हेल्फ्रिख, शाट आणि पीटर ब्रोडी या चौघांना मिळून.

पुढे १९७५ साली हाइलमायर अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी एक ठरावीक प्रश्नावली घातली. तुम्हांला काय करावयाचे आहे ते साध्या भाषेत सांगा. आज ते कसे केले जाते. तुमच्यात नवीन काय. खर्च किती, वेळ किती, धोका कोणता. प्रत्येक प्रस्तावाला हेच प्रश्न. आमच्या मते या प्रश्नावलीचा खरा लाभ हाताखालच्याला होतो. साहेबाची लहर सांभाळण्याऐवजी त्याला आधी ठाऊक असलेल्या प्रश्नांची तयारी करता येते.

हाइलमायर व हेल्फ्रिख या दोघांनीही अखेर केले ते एकच: जागा सोडली. वेस्ट विंडसरपासून काही मैलांवर असलेल्या प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत अल्बर्ट हर्शमन हे अर्थशास्त्रज्ञ अनेक वर्षे होते. बर्लिनमध्ये १९१५ साली यहुदी घरात जन्मलेल्या, हिटलरच्या काळात देश सोडावा लागलेल्या या गृहस्थांनी १९७० साली एका छोट्या पुस्तकात मांडले की, असमाधानी माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा बोलणे, आणि निष्ठा या दोहोंच्या मध्ये काम करते. ज्याला जाता येते त्याच्या बोलण्याला वजन येते, हे त्यांचे निरीक्षण परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना चटकन पटेल. एच-वन-बी परवान्यावर काम करणाऱ्या अभियंत्याची नोकरी गेल्यास, सध्याच्या नियमाप्रमाणे त्याला नवी नोकरी वा दुसरी सोय पाहण्यास फार तर साठ दिवस मिळतात. मुलांची शाळा, घराचे भाडे, गावी पाठवावयाचे पैसे हे सारे त्या साठ दिवसांत बसवावे लागते. असा तरुण बैठकीत गप्प बसला तर तो भित्रा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या घरांत मोठ्यांपुढे उलट बोलू नये ही शिकवण आहे, हे खरे. पण त्याच्या मौनाला त्या शिकवणीपेक्षा हा हिशेबच अधिक कारणीभूत असावा.

ज्यांना जागा सोडता येत नाही त्यांनी काय करावे, याचे उत्तर मुंबईने फार पूर्वी दिले आहे. गिरणीत माणसे ठेवणे व काढणे जॉबरच्या हाती असे. एकट्याने तोंड उघडले की दुसऱ्या दिवशी फाटक बंद. गिरणीत भांडारप्रमुख राहिलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा घेतल्या, आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामावर इजा झाल्यास भरपाई. मागण्या आज वाचताना किती साध्या वाटतात! सह्या एवढ्या असल्यावर जॉबरने काढावे तरी कोणाला? २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि तीत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. (आपल्या लोकांची शनिवारची अडचण अर्थात तशीच राहिली.)

मालकी कामगारांकडे आली म्हणजे प्रश्न मिटतो, असेही नाही. कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज हा १९८५ साली बंद पडलेला कारखाना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. तो पुन्हा चालू झाला, आणि आरंभीची वर्षे उमेदीची गेली. नव्वदीच्या मध्यापर्यंत मात्र तो पुन्हा अडचणीत सापडला. तरीही बंद फाटकासमोर बसून राहण्यापेक्षा त्यांनी केले ते शतपटीने बरे, असे आम्ही मानतो.

इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना हिस्ताद्रुत आणि कारखान्यातील कामगार समिती या गोष्टी परिचित आहेत. अमेरिकेतील बहुतेक खासगी कचेऱ्यांत तशी समिती नसते, आणि सामान्य नियम असा की मालक कारण न देताही कामावरून कमी करू शकतो. म्हणून तेथे जाणाऱ्यांनी दोन कायदे माहीत करून घ्यावेत. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने, संघटना नसली तरी, दोघाचौघांनी मिळून पगाराविषयी व कामाच्या परिस्थितीविषयी बोलण्यास संरक्षण दिले आहे. पर्यवेक्षकांना ते लागू नाही. दुसरा खास न्यू जर्सी राज्याचा, १९८६ चा, सदसद्विवेकी कर्मचाऱ्याच्या संरक्षणाचा कायदा. कंपनी कायदा मोडत आहे किंवा फसवणूक करीत आहे असे मानण्यास वाजवी कारण असल्यास, ते उघड करणाऱ्या किंवा त्यात भाग घेण्यास नकार देणाऱ्या नोकरावर सूड उगवता येत नाही. सरकारी खात्याकडे जाण्यापूर्वी सर्वसाधारणपणे वरिष्ठाला लेखी कळवावे लागते, आणि दावा वर्षाच्या आत लावावा लागतो. साहेबाचा निर्णय केवळ चुकीचा वाटतो, एवढ्यासाठी मात्र हा कायदा उपयोगी नाही. हेल्फ्रिख यांच्यासारख्याला त्याने काहीच मदत केली नसती.

या कायद्याची सूचना इंग्रजी व स्पॅनिश भाषांत प्रत्येक कामाच्या जागी ठळकपणे लावणे मालकावर बंधनकारक आहे, आणि दहा किंवा अधिक नोकर असतील तर वर्षातून एकदा ती प्रत्येकाच्या हाती द्यावी लागते. बहुधा ती जेवणाच्या खोलीत, इतर कागदांच्या गर्दीत टांगलेली असते. आपली मुले-मुली न्यू जर्सीत नोकरीस असतील, तर ती त्यांच्या नजरेस पडली आहे का, एवढे पुढच्या दूरध्वनीच्या वेळी अवश्य विचारावे.