आधी टाळी, मग टाच

माद्रिदच्या अँतोन मार्तीन मंडईत तळमजल्यावर मासळी, फळं, खारवलेल्या मांसाची दुकानं आहेत आणि वरच्या मजल्यावर 'आमोर दे दियोस' ही फ्लामेंकोची नावाजलेली नृत्यशाळा वर्षानुवर्षं भरत आली. जगभरातून विद्यार्थी तिथे येत आले. त्यांत जपानी पुष्कळ, कारण स्पेनबाहेर या नृत्याचं सर्वांत मोठं वेड जपानमध्येच आहे. येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे झालरींचा लाल झगा, केसांत माळलेलं फूल आणि पेटलेली नजर असते. आपल्याकडे २०११ च्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मधल्या 'सेन्योरिटा'नं त्या चित्रावर आणखी रंग चढवला. वर्गात मात्र पहिले काही आठवडे टाळ्या वाजवण्यात जातात.

टाळ्यांना 'पाल्मास' म्हणतात आणि त्यांचे दोन प्रकार असतात. गायक गात असताना तळवे पोकळ ठेवून दबकी टाळी द्यायची, म्हणजे त्याचा आवाज झाकला जात नाही. पायांचं काम जोरात आलं, की बोटं तळव्यावर आपटून कडक टाळी. दुसरा कुणी नाचत असताना बाजूला बसून टाळी धरणं हेही शिक्षणच मानलं जातं. आपल्याकडे कथकच्या वर्गात तुकडा पायांत उतरण्याआधी हातावर ताल देऊन त्याची पढंत करून घेतात, त्यामागचा विचार हाच.

तालाच्या आवर्तनाला तिथे 'कोम्पास' म्हणतात. 'सोलेआ' हा गंभीर प्रकार बारा मात्रांचा असतो. कादिझ शहराचा प्रसन्न 'आलेग्रियास' आणि हेरेथची भन्नाट वेगाची 'बुलेरियास' हेही बाराचेच. आपला एकतालही बाराचा, पण त्याचे विभाग दोन-दोन मात्रांचे समान असतात. सोलेआत जोर येतो ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर. म्हणजे आधी दोनदा तीन-तीन, मग तीनदा दोन-दोन. शिवाय आपण पहिल्या मात्रेवर, समेवर येऊन थांबतो. तिथे तुकडा बहुधा दहावर तोडतात आणि उरलेल्या दोन मात्रा मोकळ्या सोडतात. कथक शिकलेल्या मुलीचा पाय पहिल्या मात्रेवर आपसूक जोर देणार आणि नेमकी तिथेच ती अडखळणार. म्हणून शहाणे शिक्षक नवख्यांना आधी 'तांगोस' देतात. तो सरळ चार मात्रांचा. (अर्जेंटिनाच्या टँगोशी त्याची गल्लत करू नये.) बरेच जण त्याहीआधी 'सेव्हियानास' शिकतात. चार कडव्यांचा हा जोडीनृत्याचा प्रकार सेव्हिलच्या एप्रिलमधल्या जत्रेत आजीपासून नातीपर्यंत सगळ्या नाचतात.

फ्लामेंकोनं आत्मविश्वास वाढतो, असं शिकणारे सगळेच सांगतात. कशामुळे, हे विचारलं की ताठ मान, उंचावलेली छाती, रोखलेली नजर यांची नावं घेतली जातात. मला हे उत्तर अपुरं वाटतं. मान कुणालाही ताठ करता येते. खरं कारण नृत्याच्या रचनेत आहे. गायक कडवं गात असतो तेव्हा नर्तकी फारसं काही करत नाही. साध्या पदन्यासानं ताल धरून ठेवते आणि ओळ संपताना तिला टोक देते. मग पायांच्या ठरावीक, ठसठशीत आघातांनी ती 'यामादा' देते, म्हणजे इशारा. तो इशारा मिळाला की गिटारवाला आणि गायक तिच्या हिशेबानं वळतात, थांबतात किंवा लय वाढवतात. वर्षभर मागच्या रांगेत लपून नाचणाऱ्या विद्यार्थिनीलाही कधीतरी पुढे येऊन हा इशारा द्यावाच लागतो. तो अर्धवट दिला तर वादकाला कळत नाही आणि सगळंच गडगडतं. हळूहळू तिच्या लक्षात येतं, की घाबरत दिलेल्या बरोबर इशाऱ्यापेक्षा ठामपणे दिलेला थोडा ओबडधोबड इशारा चालून जातो. धीर येतो तो इथून. म्हणूनच नुसत्या रेकॉर्डवर शिकलेलं फ्लामेंको अर्धंच राहतं. रेकॉर्ड कुणाचंच ऐकत नाही.

दुसरं असं, की या नाचाला ठरावीक बांध्याचं शरीर लागत नाही. सेव्हिलमध्ये एन्रिके 'एल कोहो' (१९१२-१९८५) नावाचे गुरू होऊन गेले. ते पायानं अधू होते, टोपणनावच 'लंगडा' असं पडलेलं. त्यांच्याकडे क्रिस्तिना ओयोससारखी अव्वल नर्तकी शिकली आणि आल्बा घराण्याची सरदारीणही. कार्मेन आमाया बार्सिलोनाच्या समुद्रकाठच्या झोपडवस्तीत वाढली, लहानपणीच वडिलांच्या गिटारीवर गुत्त्यांमधून नाचू लागली आणि पुढे पुरुषी विजार घालून असं पदकाम केलं, की बायकांनी हात आणि पुरुषांनी पाय हलवावेत ही जुनी वाटणीच खिळखिळी झाली. १९८४ साली जन्मलेल्या रोसीयो मोलिनाला स्पेनचा राष्ट्रीय नृत्य पुरस्कार २०१० मध्ये मिळाला. २०१८ मध्ये ती गरोदरपणी रंगमंचावर नाचली, आणि त्या प्रयोगाचा विषयही मातृत्वाचीच आस हा होता.

भारताशी नातं किती? रोमा (म्हणजे जिप्सी) लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, याला भाषेचा आणि जनुकांचा आधार आहे. स्पेनमध्ये त्यांची पहिली लेखी नोंद १४२५ ची. तिथे त्यांचे हाल झाले. १७४९ मध्ये तर राजाज्ञेनं हजारोंना एकाच मोहिमेत पकडून डांबण्यात आलं. फ्लामेंको घडलं ते याच लोकांच्या आणि आंदालुसियातल्या इतर गरिबांच्या वस्त्यांमध्ये. पण त्यावरून 'फ्लामेंको म्हणजे आपलंच कथक' असं जे हौसेनं सांगितलं जातं, ते मला पटत नाही. आजचं कथक घडलं ते हे लोक निघून गेल्यावर कित्येक शतकांनी. रंगमंचीय फ्लामेंकोही एकोणिसाव्या शतकातल्या गाण्याच्या कॅफेंमधून आकाराला आलं. ग्रानादात १९२२ मध्ये संगीतकार मान्युएल दे फाया आणि कवी लोर्का यांनी जुन्या गायकीची स्पर्धा भरवली, ती कॅफेंनी हे गाणं बिघडवलं या तक्रारीपोटीच. युनेस्कोनं २०१० मध्ये फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

कुणाला शिकायचं असेल तर झग्यावर पैसे घालवण्याची घाई करू नका. आधी बूट घ्या. त्यांच्या पुढच्या टोकाला आणि टाचेखाली खिळे ठोकलेले असतात. म्हणून फरशीवर किंवा काँक्रीटवर सराव नको, गुडघे दुखावतील. जाड प्लायवूडची फळी टाका, तिच्याखाली रबराची चटई असली तर खालच्या मजल्यावरचे शेजारीही दुवा देतील. आणि वर्ग निवडताना शिक्षकांना दोनच गोष्टी विचारा: टाळ्या शिकवता का, आणि अधूनमधून तरी वर्गात गिटारवाला येतो का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर दुसरा वर्ग शोधा.