पक्षाघात: खाटेवरून घरापर्यंत

पक्षाघाताच्या रुग्णाने आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून राहायचे, असा एके काळी रिवाज होता. झटका गुठळीने आला की रक्तस्रावाने, हे सीटी स्कॅन येईपर्यंत, म्हणजे 1971 पर्यंत, खात्रीने सांगणे अवघड होते. नेमके औषध नव्हते, म्हणून विश्रांती. पडून पडून पाठीला जखमा होत, छातीत कफ साठून न्यूमोनिया होई आणि मुक्काम आणखी लांबे.

या रिवाजाला ठोस उत्तर मिळाले ते नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये. तिथे 220 रुग्णांपैकी निम्मे खास पक्षाघात-विभागात ठेवले, निम्मे नेहमीच्या वॉर्डात. 1991 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सहा आठवड्यांनी खास विभागातले 56 टक्के रुग्ण घरी होते, वॉर्डातले 33 टक्के. त्या विभागात नवे औषध नव्हते. रुग्णाला लवकर उठवून बसवत, आणि डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट मिळून त्याचे पुढचे ठरवत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन 1996 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, 2015 मध्ये तारेने गुठळी ओढून काढण्याचा उपयोग सिद्ध झाला. तरी मला ट्रॉनहाइमचेच पाऊल मोठे वाटते. वेळेत न पोचलेल्या रुग्णालाही ते लागू पडते. (घाई मात्र नको. पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार उठवल्याने तोटा होतो, हे 2015 च्या एका मोठ्या चाचणीत दिसले.)

अमेरिकेत रुग्णालयातले दिवस घटले त्यामागे पैशाचे कारणही होते. 1983 पासून मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने आजारानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. जास्त दिवस ठेवण्यात रुग्णालयाचा फायदा उरला नाही. लंडनने 2010 मध्ये पक्षाघाताचे तातडीचे उपचार आठ केंद्रांत एकवटले, तेव्हा मुक्काम सरासरी 1.4 दिवसांनी कमी झालाच, पण मृत्यूही घटले. दिवस कमी झाले एवढ्यावर खूश होऊ नये, सोबत काय घडले ते विचारावे, ते यासाठी.

नव्वदच्या दशकात स्टॉकहोम आणि लंडनमध्ये आणखी एक प्रयोग झाला. फार गंभीर नसलेल्या रुग्णाला लवकर घरी सोडायचे, पण उपचार करणारी टीम त्याच्या घरी जायची: चालणे, बोलणे, अंघोळ, जिना, सगळे त्याच्याच घरात शिकवायचे. अशा प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा मुक्काम सुमारे पाच-सात दिवसांनी घटला होता, आणि परावलंबी रुग्णही कमी होते.

भारतात ती टीम कुठून आणायची? म्हणून चौदा रुग्णालयांतल्या 1250 रुग्णांवर वेगळा मार्ग तपासला गेला: घरच्या माणसालाच व्यायाम शिकवायचा. 2017 मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी, घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत 47 टक्के रुग्ण मरण पावले होते किंवा परावलंबी होते. काही फरक पडला नव्हता.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. घरच्यांची माया कमी पडली, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. आपल्याकडे बिल वाढू लागले की नातेवाईकच डिस्चार्ज मागतात. मग नाकातली नळी, लघवीची पिशवी, दर दोन तासांनी कूस बदलणे, हे सगळे सुनेच्या किंवा बायकोच्या अंगावर येते. एवढे करून तिने फिजिओथेरपिस्टचेही काम करावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. उपजिल्हा रुग्णालयातून आठवड्याला एकदा तरी प्रशिक्षित माणूस त्या घरी जायला हवा, आणि त्याच्या पहिल्या भेटीची तारीख डिस्चार्ज कार्डवरच लिहिलेली हवी.