परवाना रद्द करण्याआधी

परवाना रद्द करण्याचा अधिकार सरकारी कार्यालयाला आहे, याबद्दल वाद नाही. पण तो कुणी आणि कोणत्या कारणासाठी वापरला, हे विचारण्याचा हक्क परवानाधारकालाही आहे. गोरधनदास भानजी यांना अंधेरीत सिनेमागृह बांधण्याची परवानगी मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये दिली आणि थोड्याच महिन्यांत रद्द केली. रद्द केल्याचे कळवण्याचा सरकारचा आदेश आहे, एवढेच पत्रात होते. कोर्टात मात्र हा निर्णय आयुक्तांचाच होता, असे सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ते मानले नाही. नियमाने ज्याला अधिकार दिला त्यानेच विचार करून निर्णय घ्यायचा आणि आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावायचा, मागाहून केलेल्या खुलाशावरून नव्हे, असे न्यायालयाने बजावले.

आदेश असा शब्दांवरूनच जोखला जातो, म्हणून माझ्या मते परवाना रद्द करण्याआधीच्या सुनावणीचा खरा कसही कारणे दाखवा नोटिशीतच लागतो. खानावळवाल्याला ‘आपण नियमांचे पालन केलेले नाही’ एवढेच कळवले, तर तो उत्तर कशाला देणार? तेच ‘पाण्याचा तपासणी अहवाल नाही, कामगारांची वैद्यकीय तपासणी झालेली नाही’ असे लिहिले, तर तो प्रयोगशाळेचा अहवाल आणि डॉक्टरांचे दाखले जोडून मुद्देसूद खुलासा देऊ शकतो. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याची रचना याच धर्तीची आहे. आधी सुधारणा नोटीस, तीत त्रुटी, त्यांची कारणे, करायचे उपाय आणि निदान १४ दिवसांची मुदत. तरीही सुधारणा नसेल तर परवाना निलंबित. आणि त्यानंतरही नसेल तर बाजू मांडायची संधी देऊन रद्द. नोटीस मोघम असेल तर तपासणी अहवालाची प्रत लेखी मागावी आणि त्या अर्जावर आवक शिक्का मारून पोच घ्यावी. प्रत्यक्ष सुनावणी हवी असेल तर तेही त्याच अर्जात स्पष्ट लिहावे.

यावर रास्त आक्षेप येतो की भेसळीचे अन्न विकले जात असताना सुनावणीची वाट पाहायची का? मुळीच नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी परवाना तत्काळ निलंबित करण्याची मुभा हाच कायदा देतो, फक्त कारणे लेखी नोंदवावी लागतात. मनेका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यात १९७८ मध्ये न्यायालयाने हाच तोल सांभाळला: आधी ऐकून घेतल्याने कारवाईचा हेतूच फसणार असेल, तर कारवाईनंतर लगेच ऐकून घ्यावे. निकाल आधीच ठरलेला असतो, मग सुनावणीचा उपयोग काय, हा दुसरा आक्षेप अनुभवातून येतो आणि तो झटकून टाकता येत नाही. पण सुनावणीत दिलेला कागद फाइलमध्ये राहतो, आणि अपिलात वरचा अधिकारी तीच फाइल उघडतो. शिवाय, संधी नाकारली गेली एवढे म्हणून आता भागत नाही. त्यामुळे नुकसान काय झाले, हेही अलीकडे न्यायालये विचारतात. आपले म्हणणे वेळीच लेखी दिलेले असेल, तर या प्रश्नाला उत्तर असते. अपिलाच्या मुदती मात्र तुटपुंज्या आहेत: अन्न परवान्यासाठी निर्णय हाती पडल्यापासून १५ दिवस, वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी ३०. त्यातले आठ दिवस ओळखीचा माणूस शोधण्यात घालवणे कुणालाच परवडणारे नाही.