गाठ पोटात, फोटो छातीचा!

शेजारच्या ४ वर्षांच्या पोरीला आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटातली गाठ लागली. सौंसरहून तडक नागपूर गाठले. सोनोग्राफीत मूत्रपिंडावर गाठ दिसली; पुढे छातीचा सीटी स्कॅन सांगितला. आजी परतायलाच निघाली. "गाठ पोटात, अन् फोटो छातीचा कायले काढते, सर?"

मी समजावले, मुलांमधला मूत्रपिंडाचा हा कर्करोग, विल्म्स ट्यूमर, पसरलाच तर बहुधा फुफ्फुसात जातो. तो कुठवर पोचला यावर टप्पा ठरतो आणि टप्प्यावर उपचार. सीटीत क्ष-किरण असतात खरे, पण मुलांसाठी त्यांची मात्रा कमी ठेवतात. आजी थांबली.

पांढुर्णा-सौंसरच्या पालकहो, अर्ध्या तपासणीवरून घरी परतू नका. वेळेवर पूर्ण उपचार मिळाले तर यातली बहुतेक मुले बरी होतात.